स्पर्धात्मक पेंटबॉल ओसरले का, आणि त्यातली मजा परत कशी आणावी?

रिकामा हॉपर

गेल्या आठवड्यात माळ्यावरची पेटी खाली काढली आणि आठ वर्षे न उघडलेला मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणारी हवेवरची बंदूक, टेबलावर सुटा केला. बोल्टवरच्या, म्हणजे गोळी पुढे ढकलणाऱ्या दांड्यावरच्या, रबरी ओ-रिंगा वाळून इतक्या कडक झाल्या होत्या की नख लावताच एकीचे दोन तुकडे झाले. हॉपरच्या, म्हणजे मार्करवर बसणाऱ्या गोळ्यांच्या डब्याच्या, तळाशी कधीतरी फुटलेल्या गोळीचा पिवळा रंग मात्र अजून ओलसर आणि चिकट होता.

आमचा पाच जणांचा संघ सहा वर्षे स्पर्धा खेळला. तो मोडताना भांडण झाले नाही. एका स्पर्धेला एकाला जमले नाही, पुढच्या स्पर्धेला दोघांना जमले नाही, आणि त्यानंतर कोणी कोणाला विचारलेच नाही. आमच्याबरोबर खेळणारे इतर संघही असेच एकेक करून दिसेनासे झाले. खेळ बंद पडलेला नाही, हे मला ठाऊक आहे. मोठ्या स्पर्धा आजही होतात. पण मधली फळी, म्हणजे हौसेने महिन्यातून दोनदा सराव करणारे आणि वर्षातून चार स्पर्धा हरणारे आमच्यासारखे संघ, फार विरळ झाले आहेत.

माझे मत आधीच मांडून ठेवतो, म्हणजे खोडायला सोपे जाईल. गोळ्यांच्या गतीने या खेळातली मजा खाल्ली. आजच्या प्रमुख स्पर्धांमध्ये सेकंदाला १०.५ गोळ्यांची मर्यादा आहे. त्या गतीने २०० गोळ्यांचा हॉपर १९ सेकंदांत रिकामा होतो आणि २००० गोळ्यांचा अख्खा खोका तीन मिनिटे दहा सेकंदांत संपतो. पूर्वी गोळी मारण्याआधी माणूस क्षणभर थांबत असे, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या थांबण्यात होती. आपल्याला काय वाटते? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, माझ्या जुन्या चौघांना परत मैदानावर आणायचे असेल तर मी नेमके काय करावे?

पंपवाला

आपल्या मताशी पूर्ण सहमत, आणि त्याला पुरावा म्हणून या खेळाचा पहिला दिवसच सांगतो. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जण खेळायला उतरले. चार्ल्स गेन्स हा लेखक, हेज नोएल हा शेअर दलाल आणि बॉब गर्न्सी हा स्कीच्या सामानाचा दुकानदार, या तिघांच्या वादातून तो खेळ निघाला होता. शहरात मुरलेला माणूस रानात टिकेल की रानात वाढलेला, असा तो वाद होता. हातात नेलस्पॉट ००७ नावाचे मार्कर होते. झाडांवर आणि गुरांवर दुरून रंगाची खूण करण्यासाठी ते बनवलेले होते. प्रत्येक गोळीसाठी बोल्ट हाताने मागे ओढायचा आणि पुढची गोळी घरंगळत जागेवर यावी म्हणून मार्कर तिरका करायचा, असा तो कारभार होता.

रानात चार ठिकाणी चार रंगांची निशाणे ठेवली होती आणि प्रत्येकाने चारही गोळा करून बाहेर पडायचे होते. जिंकला रिची व्हाइट, जो जंगलात काम करणारा माणूस होता, आणि त्याने संपूर्ण खेळात एकही गोळी मारली नाही. पहिल्या सामन्याचा विजेता गोळी न मारता जिंकतो, असा दुसरा कुठला नेमबाजीचा खेळ आपल्या ऐकिवात आहे काय?

मी गेली अकरा वर्षे फक्त पंप मार्करने खेळतो. प्रत्येक गोळीआधी हात पुढेमागे करावा लागतो, त्यामुळे समोरच्याच्या मनात काय चालले आहे याचा विचार करायला आपोआप वेळ मिळतो.

तिरकस

धागाकर्त्याच्या सदस्यनामाचा अर्थ एकोणिसाव्या सेकंदाला लागला.

डोरिटो बाजू

पंपवाला यांचा प्रतिसाद वाचायला गोड आहे, पण त्यात स्मरणरंजन अधिक आणि विश्लेषण कमी आहे, असे नम्रपणे नमूद करतो. एक्स-बॉल, म्हणजे ठरलेल्या वेळात डावामागून डाव खेळून गुण मोजायचा प्रकार, आणि त्यातून निघालेला आजचा पाच-विरुद्ध-पाच खेळ हा या खेळाचा सर्वांत विकसित प्रकार आहे, असे माझे ठाम मत आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

ज्यांनी तो आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी एकच प्रसंग सांगतो. शिट्टी वाजते. पाचही जण तळाच्या बंकरला, म्हणजे आडोशाला, टेकलेले असतात आणि त्यातले दोघे पळणाऱ्यांच्या वाटेवर आधीच गोळ्यांची रांग धरतात. मी डोरिटोंच्या, म्हणजे तिकोनी फुगीर बंकरांच्या बाजूचा पहिला खेळाडू. मला धावतच नेम धरायचा असतो. समोरची माणसे ज्या फटीतून जाणार, त्या फटीत माझ्या गोळ्या त्यांच्या आधी पोहोचायला हव्यात, आणि त्याच वेळी माझ्या वाटेवरच्या फटीतून मला जिवंत निघायचे असते. पहिल्या तीन-चार सेकंदांत निम्मा डाव ठरतो. गुडघ्यावर घसरत बंकरच्या मागे पोहोचलो की मागचा गडी ओरडतो, “स्नेकमध्ये एक, मधला गेला!” (स्नेक म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या बाजूचा लांब, बुटका बंकर.) त्या चार शब्दांवर विसंबून मी पुढचा बंकर घ्यायचा की नाही हे ठरवतो. यात विचार नाही असे म्हणणाऱ्याने एकदा खेळून पाहावे.

ओहोटीची कारणे मला वेगळी दिसतात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धामालिकांचे दोन तट पडले. एकीकडे सात खेळाडूंचा खेळ ठेवणारी एनपीपीएल, तर दुसरीकडे एक्स-बॉल खेळवणारी पीएसपी. संघ, प्रायोजक, प्रेक्षक, सगळे वाटले गेले. उद्योगातल्या कंपन्या इलेक्ट्रॉनिक मार्करच्या पेटंटांवरून न्यायालयात भांडत राहिल्या. त्यातच २००८ ची मंदी आली आणि हौसेवरचा खर्च सर्वांत आधी कापला गेला. ज्या स्मार्ट पार्ट्स कंपनीने ती पेटंटे सर्वांत हिरिरीने लढवली, तीच २०१० मध्ये बंद झाली. पीएसपीचा २०१४ हा शेवटचा हंगाम ठरला आणि पुढच्या वर्षापासून एनएक्सएल या लीगने ती जागा घेतली. एवढी पडझड झाल्यावर मधली फळी टिकली नाही, यात गोळ्यांच्या गतीचा दोष किती?

शिट्टी

मी नऊ हंगाम पंच म्हणून उभा राहिलो आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे वाटते. गतीबद्दल एक गोष्ट मात्र डोरिटो बाजू यांनी वगळली.

इलेक्ट्रॉनिक मार्कर आले तेव्हा नियम असा होता की बोट एकदा दाबले की एकच गोळी सुटली पाहिजे. पण सर्किट बोर्डमध्ये काय लिहिले आहे हे बाहेरून दिसत नसे. आम्ही कानाने मोजायचो. गडी बोट जेमतेम हलवतो आहे आणि मार्कर शिलाईयंत्रासारखा वाजतो आहे, असे ऐकू आले की त्याला बाजूला घ्यायचे, मार्कर तपासायचा, आणि तपासताना तो हमखास सज्जनासारखा वागायचा. या लपाछपीला कंटाळूनच पीएसपीने रॅम्पिंग अधिकृत केले. काही गोळ्या ठरावीक लयीत मारल्या की बोर्ड स्वतःच गती उचलतो, सगळ्यांना सारखीच, म्हणजे चोरीचा प्रश्न मिटला. आधी ती मर्यादा सेकंदाला १५ होती, नंतर टप्प्याटप्प्याने १०.५ वर आणली. मर्यादा खाली आणावी लागली, याचाच अर्थ असा की गतीने काहीतरी बिघडते आहे, हे चालकांनाही कळले होते.

मला विचाराल तर मजा दुसऱ्याच गोष्टीने घालवली, ती म्हणजे पुसणे. गोळी लागल्यावर पंचाची पाठ वळताच रंग पुसून खेळत राहायचे. पकडला गेला तर त्याच्याबरोबर त्याच्या संघातले आणखी गडीही बाहेर काढतात, इतकी कडक शिक्षा आहे, तरी लोक पुसतात. एकदा स्नेकमध्ये आडव्या पडलेल्या एका खेळाडूच्या पाठीवर डाग दिसला म्हणून मी धावत गेलो. तोवर त्याने उताणे होऊन पाठ गवताला घासली होती. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “पाठ खाजत होती.” मी त्याला आणि त्याच्या आणखी एका सहकाऱ्याला बाहेर काढले. तो सहकारी बिचारा तळाशी उभा राहून प्रामाणिकपणे खेळत होता. सामना संपल्यावर तो माझ्याशी नव्हे, पाठ खाजणाऱ्याशी भांडला. पुढच्या हंगामात तो संघ मला दिसला नाही.

तिरकस

शिट्टीसाहेब, पाठ खाजणे हा वैद्यकीय विषय असून त्यावर मैदानात निर्णय देण्याचा अधिकार पंचांना कोणी दिला?

अनघा_मधली फळी

माझा अनुभव या चर्चेत अजून न आलेल्या माणसाचा आहे, म्हणजे पहिल्या दिवशीच खेळ सोडणाऱ्याचा.

कार्यालयातल्या अठरा जणांच्या गटाबरोबर मी पहिल्यांदा गेले. भाड्याचा मार्कर, भाड्याचा मास्क, अंगावर जाड जॅकेट. दुपारी मैदानावरच्या सराव करणाऱ्या एका संघाचे चार गडी “चला, संख्या भरून काढतो” म्हणून आमच्यात मिसळले. माझ्या दुसऱ्याच डावात त्यांच्यातला एक जण बंकरला वळसा घालून आला आणि चार पावलांवरून त्याने मला मारले. एक गोळी पुरेशी होती, पण मोजल्या तेव्हा सात डाग होते. दोन मानेवर. मी “आउट” म्हणून हात वर केला तेव्हा त्यातल्या तीन गोळ्या अजून यायच्या होत्या. तो दुष्ट होता असे मला वाटत नाही. त्याच्या मार्करची लयच तशी होती आणि बोट थांबेपर्यंत गोळ्या सुटून गेल्या होत्या. परंतु त्या दिवशीच्या आमच्या अठरा जणांपैकी पुन्हा कोणीही गेले नाही.

मी परत गेले ती तीन वर्षांनी, एका मैत्रिणीने ‘सगळ्यांच्या हातात पंप’ अशा दिवसाला ओढून नेले म्हणून. तेव्हाही मला गोळ्या लागल्या, परंतु एका वेळी एकच. त्यामुळे डोरिटो बाजू यांना माझा प्रश्न असा की मंदी आणि फुटलेल्या लीग हे सगळे मान्य केले, तरी आमच्यासारखे अठरा जण एका दुपारी गमावले जात होते, त्याचे खापर कोणाच्या माथी फोडायचे?

माळरान

मी एका मैदानाचा कारभार बरीच वर्षे पाहिला आहे, त्यामुळे अनघाताईंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे मागितले तरी चालेल. खापर आमच्या माथी.

मैदान कशावर चालते, हे बाहेरून कळत नाही. प्रवेशातून जागेचा आणि माणसांचा खर्च जेमतेम निघतो. उरते ते गोळ्यांच्या विक्रीतून. म्हणून बहुतेक मैदाने बाहेरून आणलेल्या गोळ्या वापरू देत नाहीत. त्याला दुसरेही एक कारण आहे. जुन्या, हलक्या प्रतीच्या गोळ्या नळीत फुटतात, किंवा कडक होऊन अंगावर फुटतच नाहीत आणि नुसत्या लागतात. पण मुख्य हिशेब विक्रीचा. आता विचार करा. भाड्याच्या मार्करने खेळणारा गट दिवसभरात जेवढ्या गोळ्या उडवतो तेवढ्या सराव करणारा संघ जेवणाआधी उडवतो. साहजिकच आम्ही संघांचे लाड केले. त्यांना मधले मैदान दिले, सवलतीत खोके दिले, आणि गटातल्या नवख्यांमध्ये मिसळू दिले, कारण तेवढाच त्यांचा वेळ जातो. आम्ही ज्या फांदीवर बसलो होतो तीच कापत होतो, हे आम्हाला तीन-चार हंगामांनंतर दिसले. संघ येतात आणि मोडतात; नवखे येत राहिले तरच नवे संघ उभे राहतात.

त्यानंतर आम्ही दोन बदल केले. इलेक्ट्रॉनिक मार्कर असलेल्याला नवख्यांच्या डावात प्रवेश बंद केला. तसेच, प्रवेश जास्त आणि गोळ्या मोजून, असे काही रविवार ठरवले. प्रत्येकाला दिवसाकाठी ठरावीक गोळ्या, वर विकत मिळणार नाहीत. पहिल्या महिन्यात हिशेब पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. परंतु त्या रविवारचे लोक परत येत होते, ही गोष्ट नोंदवहीत स्पष्ट दिसत होती, आणि परत येणारा माणूस पुढे स्वतःचा मास्क घेतो, मग स्वतःचा मार्कर.

हवेची टाकी

जुन्या, हलक्या गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो.

गोळीचे आवरण जिलेटिनचे असते, औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखेच, आणि सुरुवातीच्या गोळ्या औषधी कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीनेच बनवल्या होत्या. आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि रंग. ते पाण्यासारखे उडून जात नाही, म्हणून धागाकर्त्याच्या हॉपरमधला डाग आठ वर्षांनीही ओलसर राहिला. अगदी सुरुवातीला आत तेलरंग होता आणि खेळून आल्यावर अंग टर्पेंटाइनने पुसावे लागे. पाण्याने धुता येणारा रंग नंतर आला. जिलेटिन हवेतला दमटपणा शोषते. दमट दिवशी गोळी फुगते, मऊ होते आणि नळीत अडकते. कोरड्या थंडीत ठिसूळ होऊन हॉपरमध्येच फुटते. गोळीचा व्यास .६८ इंच असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात सकाळची आणि दुपारची गोळी सारखी नसते. म्हणून जाणकार खेळाडू वेगवेगळ्या मापांच्या नळ्या बाळगतो आणि गोळी नळीत टाकून फुंकर मारून पाहतो. आपोआप घरंगळून खाली पडली तर नळी मोठी, फुंकरीने जेमतेम सुटली तर नेमकी.

मजा परत आणण्याशी याचा संबंध आहे. मोजून गोळ्या मारायच्या असतील तर प्रत्येक गोळी सरळ जाणे भाग आहे. सेकंदाला दहा मारणाऱ्याच्या दोन गोळ्या भरकटल्या तरी त्याचे काही बिघडत नाही. वीस गोळ्यांवर डाव काढणाऱ्याने मात्र फुंकर मारायला शिकले पाहिजे, आणि ते शिकवताना जुन्या खेळाडूची नवख्याशी ओळख होते.

तिरकस

आमच्या संघात फुंकरीचे काम एकाच गड्याकडे होते. एकदा त्याने फुंकण्याऐवजी ओढले. पुढचे दोन डाव तो निळ्या दातांनी खेळला आणि पंचांनी त्याला दोन्ही वेळा बाद दिले.

कुंपणाबाहेरचा

मी कधीच खेळलो नाही. माझा धाकटा भाऊ खेळत असे आणि मी जाळीबाहेर उभा राहून पाहत असे. त्यामुळे प्रेक्षकाच्या बाजूने एकच मुद्दा मांडतो.

गोळी दिसत नाही. ताशी सुमारे ३३० किलोमीटर वेगाने जाणारी बोराएवढी गोळी डोळ्याला सापडत नाही, आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याला तर मुळीच सापडत नाही. जो पळतो तो का पळतो, जो हात वर करून बाहेर जातो त्याला कोणी मारले, हे जाळीबाहेरच्या माणसाला शेजारी कोणी समजावून सांगितले तरच कळते. २००० च्या दशकात हा खेळ दूरचित्रवाणीवर नेण्याचे बरेच प्रयत्न झाले, फुगीर बंकर आणि उघडे मैदान हेही थोडेफार प्रेक्षकाला दिसावे म्हणूनच आले, तरीही तो तिथे रुजला नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही. माझ्या मते ती सगळी धडपडच चुकली. ज्या खेळाची मजा आतल्या माणसाच्या छातीत धडधडते ती बाहेरच्याला विकायला गेले आणि आतल्याला विसरले.

एक्स-बॉलमध्ये प्रेक्षकांना ओरडून माहिती देण्याची मुभा होती, ती मात्र मला फार आवडे. भावाच्या सामन्यात मी “तुझ्या डावीकडे, डावीकडे!” असे घसा फोडून ओरडलो होतो. तो डावीकडे वळला. ते त्याचे डावे नव्हते, माझे होते.

डोरिटो बाजू

कुंपणाबाहेरचा यांच्या भावाबद्दल सहानुभूती. असे डावे-उजवे आमच्याकडेही झाले आहे, म्हणून आम्ही नंतर बाजूंची नावेच घेऊ लागलो, स्नेक आणि डोरिटो.

अनघाताई, आपला प्रश्न दोन दिवस डोक्यात राहिला. प्रामाणिक उत्तर असे की त्या चार गड्यांसारखा मीही वागलो आहे. नवख्यांच्या डावात शिरून वळसे घालत एकामागून एक चौघांना मारले आणि त्यानंतर मित्रांच्या टाळ्या घेतल्या, असा एक दिवस मला स्पष्ट आठवतो. त्या चौघांचे चेहरे मास्कच्या आड होते, त्यामुळे ते आठवत नाहीत.

तरीही गती हे एकमेव कारण आहे, हे मी मानणार नाही. अडचण गतीपेक्षा पायरीची होती. कार्यालयाच्या गटातून आलेला माणूस आणि स्पर्धेतला संघ यांच्यामध्ये काहीच नव्हते. पूर्वी जो हौशी संघ रानात दहा जणांचा खेळ खेळत असे, तो पंपवरून यांत्रिक सेमी-ऑटोवर (बोट दाबले की एक गोळी, पंप न करता) आणि तिथून पुढे हळूहळू चढत असे. फुगीर मैदान आणि इलेक्ट्रॉनिक मार्कर आल्यावर ती मधली पायरी मोडली. पहिल्या दिवसापासून सगळा सरंजाम लागू लागला. गेल्या काही वर्षांत यांत्रिक मार्करच्या दहा जणांच्या स्पर्धा परत आल्या आहेत आणि त्यांना येणारी गर्दी पाहता जुने खेळाडू नेमके तेच शोधत होते, असे दिसते. यांत्रिक मार्करवर बोट किती वेगाने चालते त्यावरच गती ठरते, बोर्ड मदतीला येत नाही. मी स्वतः गेल्या हिवाळ्यात एक जुना ऑटोकॉकर मिळवला आहे. त्याची वेळ जुळवताना दोन संध्याकाळी गेल्या आणि तोंडात न शोभणारे शब्द आले, हे मान्य करतो.

पंपवाला

डोरिटो बाजू, ऑटोकॉकर हा मुळात पंप मार्करवर हवेचा दट्ट्या बसवून बनवलेला आहे, पंप करणारा हात तेवढा यंत्राला दिला. आपण आमच्या घरी येऊन पोहोचला आहात. फक्त मागच्या दाराने.

निळा पट्टा

आमचा गट पेंटबॉल सोडून एअरसॉफ्टकडे गेला, त्याची कारणे येथे नोंदवतो. सहा मिलिमीटरचा प्लास्टिकचा मणी पेंटच्या गोळीच्या तुलनेत नगण्य खर्चाचा, कपडे खराब होत नाहीत, आणि मोठ्या रानात दिवसभराची कथा रचून खेळता येते. मॅगझिनमध्ये मोजके मणी भरून खेळण्याची शिस्त तिथे आधीपासून होती. पेंटबॉलमध्ये मॅगझिनवाले मार्कर आले तोवर आम्ही गेलो होतो.

पण एक गोष्ट तिथे नाही. मण्याने डाग पडत नाही. लागल्याचे ज्याचे त्याने सांगायचे. शिट्टी यांनी पुसणाऱ्यांबद्दल लिहिले ते वाचून हसू आले, कारण आमच्याकडे पुसायचीही गरज पडत नाही. महिन्यातून एकदा तरी “लागले होते”, “नव्हते लागले” यावरून दोन मित्रांचे बोलणे बंद होते. पेंटबॉलचा डाग खोटे बोलत नाही, निदान पुसेपर्यंत. परत यायचे असेल तर मी त्या डागासाठी येईन.

मोठ्या कथानकाच्या खेळांची भूक दोन्हीकडे सारखीच आहे, हे मात्र लक्षात घ्यावे. ओक्लाहोमात वायंडॉट येथे नॉर्मंडीच्या लढाईवर बेतलेल्या खेळाला हजारो लोक एका आठवड्यासाठी जमत असत. त्यांतल्या बहुतेकांनी स्पर्धा कधी खेळलीही नसेल.

शिट्टी

मास्कबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण जुन्या पेट्या उघडण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. आठ वर्षे माळ्यावर असलेली लेन्स वापरू नये. ती स्वच्छ दिसली तरी प्लास्टिक जुने होते आणि मोठ्या आघाताने तडकू शकते. नवी लेन्स बसवावी, दुहेरी थराची घेतली तर धुके कमी धरते. तसेच हवेच्या टाकीच्या चाचणीची तारीख पाहावी, आणि पहिल्या डावाआधी प्रत्येक मार्कर क्रोनोग्राफवरून, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून, काढावा. सेकंदाला ३०० फुटांच्या वर एकही जाता कामा नये. जुन्या स्प्रिंगवर कोणी भरवसा ठेवू नये. डावाबाहेर नळीवर पिशवी चढवलेली असावी. धुक्याने काही दिसेनासे झाले म्हणून मैदानातच मास्क वर करणारा माणूस मी दोनदा पाहिला आहे, आणि दोन्ही वेळा माझ्या अंगाचे पाणी झाले.

रिकामा हॉपर

सर्वांचे आभार. सहा आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण आता सांगण्यासारखे काही घडले आहे.

माळरान यांचा प्रतिसाद वाचून मी चौघांना वेगवेगळे फोन केले. संघ परत उभा करू, असे म्हणालो असतो तर चौघांनीही कारणे दिली असती. एकच दिवस, प्रत्येकी १५० गोळ्या, पंप किंवा यांत्रिक मार्कर, रात्रीपूर्वी घरी, एवढेच सांगितले. तिघे आले. चौथ्याने मुलगा आजारी असल्याचे कळवले, पण आपली दोन मोठी मुले पाठवली; ती सतरा आणि एकोणीस वर्षांची आहेत. माळरान यांच्यासारखाच विचार करणाऱ्या एका मैदानचालकाने तेवढ्याच संख्येचा नवख्यांचा गट आमच्यासमोर दिला आणि दर दोन डावांनी गट मिसळायचे असे ठरले.

आमच्यातला मागचा खेळाडू पूर्वी एका डावात चार पॉड, म्हणजे कमरेला बांधलेल्या जादा गोळ्यांच्या नळ्या, सहज संपवत असे. त्याला १५० गोळ्या दिवसभरासाठी आहेत हे पटलेच नाही. पहिल्या डावाच्या चौथ्या मिनिटाला त्याच्या बंकरकडून नुसताच पंपाचा खटक-खटक आवाज येऊ लागला. दोन डावांच्या गोळ्या त्याने एकाच नवख्याच्या बंकरवर रिकाम्या केल्या होत्या आणि तो नवखा आत सुखरूप बसला होता. पुढच्या डावात त्याच्याजवळ मोजून अकरा गोळ्या होत्या. त्याने काय केले असेल? तो पोटावर सरपटत, उजवीकडच्या झुडपांतून, वीसेक मिनिटे घेऊन निशाणापर्यंत पोहोचला. सहा वर्षे एकत्र खेळून मी त्याला कधी सरपटताना पाहिले नव्हते. परतीच्या वाटेवर एकोणीस वर्षांच्या पोराने त्याला एका गोळीत टिपले, थेट मास्कच्या मधोमध. तो निशाण हातात धरून मोठमोठ्याने हसत बाहेर आला आणि रंग त्याने पुसला नाही, हे शिट्टी यांच्यासाठी मुद्दाम नोंदवतो.

आता डोरिटो बाजू यांच्या मुद्द्याकडे. मी गतीला सगळा दोष दिला होता, ते अपुरे होते. दुपारी दोन डाव आम्ही फुगीर मैदानावर पाच-पाच असे खेळलो, यांत्रिक मार्करनेच, आणि ब्रेकआउटला, म्हणजे शिट्टीनंतरच्या पहिल्या धावेला, धावताना पोटात तोच खड्डा पडला जो आठ वर्षांपूर्वी पडत असे. नवख्यांमधल्या दोघी तेवढ्यासाठी परत यायचे म्हणाल्या. पायरी मोडली होती हे खरे. परंतु त्या दिवशी ती परत उभी राहिली ती गोळ्या मोजल्यामुळेच, असे माझे मत अजून आहे.

पुढची तारीख ठरली आहे, पंच मिळालेला नाही.

शिट्टी

तारीख कळवावी. आणि ज्यांची पाठ खाजते त्यांनी घरूनच खाजवून यावे.

हवेची टाकी

ओ-रिंगांचे काय केलेत, ते राहिले सांगायचे.

रिकामा हॉपर

सगळ्या बदलल्या. एक बोल्टच्या मागच्या खाचेत चुकीची बसवली होती, म्हणून पहिले दोन तास मार्कर हवा सोडत फुसफुसत होता आणि मला कुठेही लपता आले नाही.